परत येण्याची कारणे

३ फेब्रुवारी, सोमवार

बत्तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला. दरवर्षी नववीच्या दोन तुकड्यांना हिमनदी शिकवली, म्हणजे एकूण चौसष्ट वेळा. पांढऱ्या खडूने बर्फ, निळ्याने भेगा, तपकिरीने दगडगोटे. निवृत्त होऊन सात महिने झाले, तेव्हा आता कबूल करायला हरकत नाही: फ्रिजच्या वरच्या कप्प्यापलीकडे मी बर्फ पाहिलेला नाही. एकदा मागच्या बाकावरून कुणीतरी विचारलं होतं, "बाई, तुम्ही पाहिलीय का हिमनदी?" मी त्याला तास संपेपर्यंत उभं केलं होतं.

तर आता जायचं ठरवलंय. मे महिन्यातली अकरा दिवसांची सहल. आज टूरवाल्याकडे जाऊन नाव घातलं. हा माझाच विद्यार्थी. भूगोलात पास व्हायला त्याला दोन वर्षं लागली, आणि आता तो गावभर लोकांना जग दाखवत फिरतो. मी कधीतरी नकाशात चुकले असेन, तो कधी विमानात चुकला नाही.

वन्संना म्हटलं, तुम्हीही चला. वन्सं म्हणजे माझी थोरली नणंद. छत्तीस वर्षं नर्स होत्या, लग्न केलं नाही. आमचे हे गेले त्याला आठ वर्षं झाली. तेव्हापासून आम्ही दोघी वन्संच्याच घरात राहतो. त्या म्हणाल्या, "बर्फ पुष्कळ पाहिलाय मी. लोकांच्या कपाळावर." विषय संपला.

६ फेब्रुवारी, गुरुवार

व्हिसासाठी फोटो काढले. नियम असे: पार्श्वभूमी पांढरी, चष्मा नाही, दोन्ही कान दिसले पाहिजेत, आणि फोटोतला सत्तर टक्के भाग चेहऱ्याने व्यापलेला हवा. फोटोग्राफर म्हणाला, सत्तरची काळजी करू नका. त्याचा अर्थ घरी येईपर्यंत माझ्या लक्षात आला नाही.

हसायचं नाही हाही नियम. तो सारखा सांगत होता, बाई, हसू नका. मी हसत नव्हतेच. शेवटी त्याने हात टेकले.

घरी वन्संना फोटो दाखवला. त्यांनी हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला आणि म्हणाल्या, छान आलाय. फोटो उलटा होता. उलटी असतानाही मी छान दिसते, हे पहिल्यांदाच कळलं. इतकं तोंडदेखलं कौतुक करण्यापेक्षा माणसाने गप्प बसावं.

११ फेब्रुवारी, मंगळवार

अर्ज नऊ पानांचा आहे. तीन वेळा भरला. पहिल्यांदा सही चौकटीबाहेर गेली. समासाबाहेर लिहिलं म्हणून मी किती मुलांचे गुण कापले असतील, त्या सगळ्यांना आज उचकी लागली असणार. दुसऱ्यांदा 'जन्मस्थान' आणि 'सध्याचा पत्ता' यांची अदलाबदल झाली, म्हणजे कागदोपत्री मी आमच्या दुसऱ्या मजल्यावर जन्मले.

सोबत जोडायचं: बँकेचा सहा महिन्यांचा उतारा, जाण्यायेण्याचं तिकीट, हॉटेलचं आरक्षण, विमा, पासपोर्टची मुदत परतल्यानंतरही सहा महिने शिल्लक असल्याची खात्री, आणि एक पत्र: आपण का जात आहात. मी पत्र लिहिलं. चार पानं झाली, एक आकृती. टूरवाल्याने वाचलं, घाम पुसला आणि म्हणाला, "बाई, ते मार्क देणार नाहीयेत." चार ओळींचं पत्र त्यानेच लिहून दिलं. त्यात शुद्धलेखनाच्या तीन चुका होत्या. सुधारल्या, बाकी मान खाली घालून सही केली. चौकटीत.

आज भाजीत मीठ दुप्पट. वन्संना म्हटलं, दोनदा घातलंत. म्हणाल्या, तू बोलत बसलीस, माझं लक्ष गेलं. म्हणजे तेही माझ्यावरच.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

एका रकान्यात अडकले आहे. 'मायदेशी परत येण्याची कारणे (कुटुंब, अवलंबून असलेल्या व्यक्ती, मालमत्ता, नोकरी).'

टूरवाला म्हणतो, सगळ्यात महत्त्वाचा रकाना हाच. तुम्ही तिथे जाऊन राहणार नाही, हे त्यांना पटलं पाहिजे. आता नोकरी संपली. मूलबाळ नाही. नवरा नाही. घर वन्संच्या नावावर. त्याने पेन डोक्याला लावलं आणि हळूच विचारलं, "बाई, एखादा प्लॉट वगैरे?" माझ्या नावावर वाचनालयाची दोन पुस्तकं आहेत, तीही मुदत उलटलेली.

घरी येऊन वन्संना हे हसत हसत सांगितलं. त्या म्हणाल्या, "मला लिही की."

मी म्हटलं, "इथे अवलंबून असलेल्या व्यक्ती विचारल्यात. तुम्ही कसल्या अवलंबून? अख्खी इमारत तुमच्यावर अवलंबून. जिन्यातला दिवा गेला तरी लोक तुम्हाला हाक मारतात."

त्या उठल्या. चहा ओतायला आत गेल्या. हल्ली चहा ओतताना कपाच्या कडेला आतून बोट लावतात. छत्तीस वर्षं नर्स होत्या आणि ही स्वच्छता. मी स्पष्ट सांगितलं. तेव्हापासून माझा कप वेगळा, मीच ओतायचा.

रकान्यात 'पेन्शन' लिहिलं.

७ मार्च, शुक्रवार

नकार आला.

छापील कागद. त्यावर नकाराची अकरा कारणं, आणि ज्याला जे लागू त्यापुढे बरोबरची खूण. मला सातवं लागू: 'आपण ठरलेल्या मुदतीत आमचा देश सोडून जाल याबद्दल आमची खात्री पटलेली नाही.' जन्मभर बरोबरची खूण करत आले, पण त्या खुणेने कुणी नापास होतं हे आज पाहिलं.

टूरवाला फार ओशाळला. म्हणाला, असं पुष्कळांचं होतं. मी म्हटलं, माझं काही नाही. आणि खरंच काही नाही. फक्त बसस्टॉपवर तो कागद पुन्हा काढून वाचला, आणि मग आणखी एकदा. कुठल्यातरी देशातल्या अनोळखी माणसाने माझी सगळी कागदपत्रं नीट पाहिली, आणि त्याचं मत पडलं की हिला परत बोलावणारं इथे काही नाही. वाईट हे, की त्याला खोडून काढायला मलाही पटकन काही सुचेना.

घरी सांगायचं नाही असं ठरवलं होतं. दार उघडून आत आले. वन्सं पाठमोऱ्या खिडकीपाशी बसल्या होत्या. वळल्याही नाहीत. म्हणाल्या, "नाही म्हणाले ना?"

कसं कळलं म्हणून विचारलं. "चप्पल हळू काढलीस."

१० मार्च, सोमवार

वन्सं म्हणतात, पुन्हा अर्ज कर. मी म्हटलं, माझी कारणं तीच आहेत, दोन महिन्यांत मूल तर होणार नाही. त्या म्हणाल्या, तू अर्ज कर, कारणाचं मी बघते. हा हॉस्पिटलातला आवाज. त्याच्यापुढे डॉक्टरही बोलत नसत म्हणे.

हल्ली सकाळचं वर्तमानपत्र मलाच मोठ्याने वाचायला लावतात. शाळा सुटल्यापासून तुझा आवाज गंजतोय, म्हणतात. पहिल्या पानापासून छोट्या जाहिरातींपर्यंत. मी आवाज चढवून वाचते. गंज कुठे दिसायला नको.

१८ मार्च, मंगळवार

वन्सं आज दुसऱ्यांदा एकट्या टॅक्सी करून कुठेतरी जाऊन आल्या. विचारलं तर, काम होतं. वयाच्या सहासष्टाव्या वर्षी कुणी भेटलं की काय, असं मी म्हटलं. त्या म्हणाल्या, भेटला, पण फार जवळ येऊन बघतो. यावर आम्ही दोघी खूप हसलो. मला विनोद नीटसा कळला नव्हता, पण हसले.

२७ मार्च, गुरुवार

नवा अर्ज तयार. त्यात वन्संनी एक पाकीट दिलं. चिकटवलेलं, वर सही केलेलं. सही तिरकी, कागदाच्या कडेवरून घसरत गेलेली. मी म्हटलं, यात काय आहे? म्हणाल्या, घराची कागदपत्रं आहेत, तुझं नाव घातलंय त्यात. उघडायचं नाही, नियम आहे, उघडलं की त्यांना चालत नाही.

नियम हा शब्द ऐकला की मी आज्ञाधारक होते. उघडलं नाही. पण घरात माझं नाव घालायला त्यांना एका नकाराची वाट पाहावी लागली, हे मनात आलंच. लिहून ठेवते, म्हणजे नंतर लाज वाटायला सोपं जाईल.

९ एप्रिल, बुधवार

मुलाखत झाली. यावेळी त्यांनी बोलावलं होतं.

काचेची खिडकी, खाली कागद सरकवायला फट, बोलायला माइक. पलीकडे माझ्याहून बरीच लहान बाई, आपल्याच भाषेत बोलणारी, केस आवळून बांधलेले. माझ्या आधीच्या माणसाला तिने तीन प्रश्नांत वाटेला लावलं. मी माझे कागद तिसऱ्यांदा मोजले. तोंडी परीक्षेला मी मुलांना म्हणायचे, येतं तेवढं बोला, घाबरायचं काय त्यात. किती निर्दय बाई होते मी.

तिने विचारलं, का जाताय? मी म्हटलं, हिमनदी पाहायला. ती म्हणाली, एवढंच? मी म्हटलं, एवढंच, आणि मग मला राहवेना, मी हिमनदीचे प्रकार सांगायला लागले. दुसऱ्या प्रकारावर तिने हात वर केला.

मग तिने पाकीट फोडलं. आतला कागद वाचला. परत वाचला. दुसरा कागद काढून बोटाने ओळीखालून वाचला. मला वाटलं, गेलं. मग तिने माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "घरी पेपर कोण वाचून दाखवतं?"

असला प्रश्न टूरवाल्याच्या यादीत नव्हता. मी म्हटलं, मी.

"तुम्ही नसाल तेव्हा?"

मी म्हटलं, अकरा दिवस नाही वाचला तर काही बिघडत नाही, बातम्या त्याच त्याच असतात. मी हसले. ती हसली नाही. तिने काहीतरी लिहिलं आणि म्हणाली, "वेळेवर परत या." बस्स.

बाहेर येऊन टूरवाल्याला सांगितलं. तो म्हणाला, पेपरचं कशाला विचारलं असेल? आम्ही दोघांनी पुष्कळ विचार केला. तो म्हणाला, साक्षरता बघत असतील.

२२ एप्रिल, मंगळवार

व्हिसा मिळाला. पासपोर्टच्या पानावर चिकटवलेला, त्यात तोच फोटो, न हसताना हसणारा. घरी येताना जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढले. दुसऱ्या मजल्यावर दम लागला म्हणून खाली बसले. वन्सं दार उघडून म्हणाल्या, "मिळाला. आता श्वास घे."

९ मे, शुक्रवार

आज लिहायला बसले आहे, पण कशी लिहू कळत नाही.

टूरवाल्याने सांगितलं होतं, तिथे उतरल्यावर सीमेवरचा अधिकारी काहीही मागू शकतो, सगळे कागद हातातल्या पिशवीत ठेवा. म्हणून फाइल लावत होते. व्हिसा कचेरीने परत दिलेल्या गठ्ठ्यात वन्संचं पाकीट होतं, फोडलेलं. घराची कागदपत्रं म्हणून त्याचीही प्रत काढावी म्हणून उघडलं.

घराची कागदपत्रं नव्हती. एक वन्संचं पत्र. मोठी मोठी अक्षरं, ओळी एकमेकींवर चढलेल्या. जसंच्या तसं उतरवते:

"ही माझ्या भावाची बायको. आठ वर्षांपूर्वी भाऊ गेला, तेव्हा सगळे म्हणाले, हिला आता माझा आधार. तेव्हा ते खरं होतं. आता उलट झालंय, ते तिला अजून माहीत नाही. सोबत डोळ्यांच्या डॉक्टरांचा दाखला आहे. वाचणं गेलंच आहे. माणसं ओळखणंही वर्षभरात जाईल. मी हे तिला न सांगता जोडते आहे, कारण सांगितलं तर ती जाणारच नाही. तिला ती बर्फाची नदी बघायची आहे. जाऊ द्या. ती परत येईल, मी इथे आहे."

मग ही वही मागे उलटत गेले. उलटा फोटो. मीठ. कपातलं बोट. फार जवळ येऊन बघणारा तो माणूस. सगळं आहे. तारखेवार, माझ्याच हाताने, सुवाच्य अक्षरात लिहून ठेवलंय. खालची ओळ मात्र मी वाचली नाही. परीक्षेत मुलं असंच करायची. उत्तर कागदावर आणून सोडायची आणि निष्कर्ष लिहायला विसरायची. मी शून्य द्यायचे.

आणि मी त्यांच्या बोटावर बोलले. कप वेगळा केला.

१० मे, शनिवार

सकाळी वर्तमानपत्र वाचलं. पहिलं पान झाल्यावर घडी घातली आणि म्हटलं, वन्सं, मी पत्र वाचलं.

त्या म्हणाल्या, "त्या कचेरीतल्यांना पाकीट परत चिकटवायची अक्कल नाही."

मी म्हटलं, मी जात नाही. त्या म्हणाल्या, जाणार. मी म्हटलं, मग तुम्हीही चला, थांबू, तुमचाही अर्ज करू. त्यांनी समजावून सांगितलं, जसं पेशंटच्या नातेवाइकांना सांगत असतील तसं: नजरेच्या मधोमध धुकं आहे, कडेकडेचं दिसतं. जिना दिसतो, दार दिसतं, तुझ्याकडे पाहिलं की तुझे फक्त कान दिसतात. "तुझी नदी नेमकी मधोमध असणार. एवढ्या लांब जाऊन मी तिच्या कडेचं हॉटेल बघू?"

मग मी रडले. लिहायला नको होतं पण लिहिलं. म्हटलं, मला का नाही सांगितलंत? त्या म्हणाल्या, सांगितलं असतं, तर तू दुसऱ्या दिवसापासून माझा हात धरून मला बाथरूमला नेलं असतंस. हे खरं आहे. मी काल संध्याकाळपासून तेच करत होते.

मी पुन्हा म्हटलं, नाही जाणार. तेव्हा त्या जरा चिडल्या.

"मी लेखी दिलंय त्यांना, की तू परत येशील. न जाता परत कशी येणार?"

व्याकरणदृष्ट्याही बरोबर आहे.

दुपारी चहा त्यांनी ओतला. बोट लावून. मी तो कप घेतला.

१५ मे, गुरुवार

पोचले. सीमेवर रांग. पिवळ्या पट्टीमागे एकेकट्याने उभं राहायचं. माझ्या पिशवीत बासष्ट कागद, खुणेच्या रंगीत पट्ट्या लावून. खिडकीतल्या माणसाने पासपोर्ट पाहिला, माझ्याकडे पाहिलं, किती दिवस म्हणून विचारलं. मी म्हटलं, अकरा. त्याने शिक्का मारला. एकही कागद मागितला नाही. मी दोन पावलं गेले आणि परत येऊन विचारलं, बाकीचे बघायचे नाहीत का? मागचा माणूस कुरकुरला. टूरवाल्याने मला दंडाला धरून नेलं.

घरी फोन केला. वन्सं म्हणाल्या, खालची शिंपीण येऊन पेपर वाचून जाते, पण ती फक्त अपघात वाचते.

२० मे, मंगळवार

पाहिली. इथे लिहीत नाही. आधी घरी सांगायची आहे.

२५ मे, रविवार

आज दुपारी परत आले. आपल्याकडच्या खिडकीत कुणी काहीही विचारलं नाही. शिक्का मारला आणि पुढचा म्हणून हाक घातली. का आलात, हे विचारायचा नियमच नाही. विचारलं असतं, तर यावेळी माझ्याकडे उत्तर होतं.

वन्संनी दार उघडलं. बॅग दारातच ठेवली. आंघोळ कर म्हणाल्या नाहीत, जेव म्हणाल्या नाहीत. खिडकीपाशी खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या, "हं. सांग."

मी घसा साफ केला. सांगू लागले: हिमनदी म्हणजे वर्षानुवर्षं साचलेल्या हिमाचा दाब पडून तयार झालेला, उताराच्या दिशेने अत्यंत मंद गतीने सरकणारा...

"तू शिकवतेयस," त्या म्हणाल्या. "सांग."

मग मी थांबले. बराच वेळ पहिलं वाक्य सापडेना. चौसष्ट वेळा सांगितलेलं सगळं बाजूला करून मागे काय उरतं ते शोधत होते.

म्हटलं, वन्सं, ती पांढरी नाहीच. मळकी आहे. कुणी ओल्या राखेचा ढीग ओतून ठेवावा तशी. मला आधी वाटलं, अजून यायचीय. टूरवाला म्हणाला, बाई, हीच. मग एका भेगेत वाकून पाहिलं, आणि आत निळं. खडूचं निळं नाही. आपल्या गॅसची ज्योत लहान केल्यावर बुडाशी असतं ना, ते. आणि थंडी वरून येत नाही, पायाखालून येते, तळव्यातून गुडघ्यापर्यंत चढते. वास येतो, ओल्या दगडाचा. मी पाऊण तास उभी होते आणि ती तसूभरही हलली नाही. सगळ्यांनी फोटो काढले. मी फोटो काढला नाही, कारण तुम्हाला उलटा धरून छान म्हणावं लागलं असतं.

त्या हसल्या. डोळे मिटले होते. म्हणाल्या, "आवाज असतो का तिला?"

इतक्या वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं. मी म्हटलं, असतो. आतून येतो. आधी काहीच नसतं, मग एकदम.

"कसा?"

मी इकडेतिकडे पाहिलं. एकोणसाठ वर्षांची निवृत्त शिक्षिका, विमानातल्या चुरगळलेल्या कपड्यांत, भर दुपारी बैठकीत उभी. तो आवाज काढला. आधी जाड फळी मधोमध फुटल्यासारखा, मग छातीतून घरंगळत जाणारा. समोरच्या बिऱ्हाडाचं दार उघडल्याचं ऐकू आलं.

"पुन्हा," वन्सं म्हणाल्या.

मी पुन्हा काढला.